जुन्या पिकअपला कोणता भाग घालावा?

पूर्वी जे काम बैलगाडी करीत असे, ते आता बहुतेक गावांत पिकअप करते. खताच्या गोण्या ती आणते, कांदा ती नेते. दुधाचे कॅन, मंडपाचे खांब, आजारी गाय, सगळे तिच्याच हौद्यातून जाते. २००५ साली बाजारात आलेल्या एका लहान मालगाडीला लोकांनी 'छोटा हत्ती' हे नाव दिले, आणि तेव्हापासून दोन-चार एकर बागायत असणाऱ्याच्या दारातही चार चाके दिसू लागली. त्यांतल्या कितीतरी गाड्या आज दहा-बारा वर्षांच्या झाल्या आहेत. काटा तीन लाख किलोमीटरच्या पुढे गेला आहे. कर्ज फिटले, म्हणजे गाडी आता खऱ्या अर्थाने आपली झाली. आणि नेमकी याच वेळी तिची दुखणी सुरू झाली आहेत.

मग महिन्या-दोन महिन्यांनी स्पेअर पार्टच्या दुकानाची पायरी चढावी लागते. तेथे काउंटरमागचा माणूस ठरलेला प्रश्न विचारतो, "दादा, कंपनीचा देऊ का लोकल?"

या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरीव उत्तरे आहेत. एक जण म्हणतो, "गाडीच म्हातारी, तिला कशाला महागाचे घालता? लोकल द्या." दुसरा म्हणतो, "कंपनीच्या खोक्याशिवाय हात लावायचा नाही." माझ्या मते दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, कारण दोन्ही भाग न पाहता दिलेली आहेत. दुकानात पाऊल ठेवण्यापूर्वी आपण मनाशी वेगळाच प्रश्न विचारावा: हा भाग भरल्या गाडीत, चालत्या रस्त्यावर निकामी झाला, तर काय होईल? माणसाच्या जिवावर बेतेल, की गाडी वाटेत उभी राहील, की नुसती कुरकुर वाढेल? याचे उत्तर ज्याने दिले, त्याला दुकानदाराच्या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागत नाही.

पण आधी 'कंपनीचा' आणि 'लोकल' या शब्दांचा थोडा उलगडा करू या, कारण घोटाळा इथूनच सुरू होतो. ज्या कंपनीचे नाव गाडीच्या तोंडावर असते, ती गाडीतले सगळे भाग स्वतः बनवीत नाही. क्लच एका कारखान्यातून येतो, बेअरिंग दुसऱ्या, ब्रेकचे सिलिंडर तिसऱ्या. चाकण, भोसरी, नाशिकची सातपूर वसाहत, छत्रपती संभाजीनगरजवळची वाळूज, या भागांत असे कारखाने ओळीने उभे आहेत. आपल्या गावची पोरे तेथे पाळीवर कामाला जातात, त्यांना विचारून पाहा. हे कारखाने गाडीच्या कंपनीला माल देतात, आणि पुष्कळदा तसाच माल स्वतःच्या नावाच्या खोक्यात घालून बाजारातही विकतात. तो सहसा गाडी-कंपनीच्या खोक्यातल्या मालापेक्षा स्वस्त असतो. दुकानदार यालाही कधी कधी 'लोकल' म्हणतो, आणि ज्या मालावर कोणाचेच नाव नाही त्यालाही 'लोकल'च म्हणतो. या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिसरा प्रकार म्हणजे 'डुप्लिकेट': दुसऱ्याच्या नावाची नक्कल केलेला. बिननावाचा माल निदान खोटे बोलत नाही. डुप्लिकेट खोटेच बोलतो. म्हणून "कंपनीचा की लोकल" असे विचारणाऱ्याला उलट विचारावे, "बनवणारा कोण, ते खोक्यावर दाखवा."

आकाशवाणीवरून आम्हांला कोणत्याही कंपनीचे नाव घेता येत नाही, आणि ते ठीकच आहे. परंतु आपल्या गाडीचा मूळ क्लच, मूळ बेअरिंग कोणाचे होते, हे जुना भाग हातात घेऊन पाहिले तर त्यावर कोरलेले बहुधा सापडते. काढलेला भाग फेकण्यापूर्वी फडक्याने पुसून वाचावा.

आता ब्रेकपासून सुरुवात करतो, कारण तेथे माझे मत अगदी ठाम आहे. गाडी कितीही जुनी असो, उद्या विकायची असो, ब्रेकमध्ये काटकसर करू नये. जुन्नरकडची माळव्याची गाडी रात्री माळशेजच्या घाटाने कल्याणकडे उतरते, नाशिककडची कसाऱ्याने उतरते, त्या वेळी काय घडते ते पाहा. हौद्यात टन-सव्वा टन माल असतो. ड्रायव्हर वळणावळणाला ब्रेक दाबतो. गाडीचा सगळा वेग उष्णतेच्या रूपाने लायनर आणि ड्रममध्ये, पॅड आणि डिस्कमध्ये जातो. चांगल्या लायनरची पकड तापल्यावरही बऱ्याच अंशी टिकते. हलक्या लायनरमधला चिकटवणारा पदार्थ तापून सुटू लागतो, पकड गळते, आणि पेडल घट्ट लागत असूनही गाडी थांबत नाही. गावातल्या सपाट रस्त्यावर हाच लायनर उत्तम चालला होता! म्हणून "महिनाभर वापरला, काही झाले नाही" हा दाखला ब्रेकच्या बाबतीत कामाचा नाही. त्याची परीक्षा घाटातच होते, आणि तेथे नापास होण्याची सोय नाही.

ब्रेक ऑइलची गोष्टही अशीच आहे. हे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट-३ प्रतीचे नवे, कोरडे तेल सुमारे २०५ अंश सेल्सिअसला उकळते. त्यात ओल मुरली की १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. घाटात तेल उकळले तर नळीत वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबले जात नाही, पण वाफ दाबली जाते, म्हणून पेडल एकदम पायाखाली बसते. नवे लायनर, नवे सिलिंडर घालून तेल मात्र चार वर्षांपूर्वीचेच ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. दर दोन वर्षांनी ते बदलावे, गाडीच्या पुस्तिकेत डॉट-३ किंवा डॉट-४ जे लिहिले असेल तेच घ्यावे, आणि अर्धी उरलेली उघडी बाटली पुढच्या खेपेसाठी फडताळात ठेवू नये.

आणखी एक. ब्रेकचे भाग नेहमी दोन्ही बाजूंचे बदलावेत. डावीकडचा लायनर झिजला म्हणून डावीकडेच नवा घातला, तर ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढते. ओल्या रस्त्यावर हे फार महागात पडते. शिवाय नवा लायनर जुन्या, खड्डे पडलेल्या ड्रमवर बसवला तर तो पुरता टेकतच नाही. लेथवाल्याकडून ड्रम घासून घ्यावा; पण ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, त्यापलीकडे घासायचा नाही. तेथे पोहोचला असेल तर ड्रमच बदलावा. स्टिअरिंगचे टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट यांनाही हाच नियम. ते तुटले तर गाडी कुठे जाईल ते ड्रायव्हरच्या हातात राहत नाही. येथे नामांकित कारखान्याचाच माल घ्यावा. आणि जुन्या बाजारातला तर कधीच नाही.

आता आपण म्हणाल, गाडी तर मालवाहू. तिच्यात माणसे थोडीच बसतात? श्रोतेहो, लग्नाला, जत्रेला, कधी शाळेच्या स्पर्धांनाही पिकअपच्या हौद्यात माणसे बसतात, हे तुम्हांलाही ठाऊक आहे आणि मलाही. कायदा त्याला परवानगी देत नाही, आणि मीही देत नाही. शिक्षक बंधुभगिनींना एवढीच विनंती, की मुलांना न्यायला जी गाडी दारात येईल तिची चौकशी करण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे, आणि मालगाडी आली तर ती परत पाठवण्याचाही.

ब्रेकला लागूनच पाट्यांचा विषय येतो. गाडी मागून बसली, म्हणजे पाटे थकले, की आपल्याकडचा उपाय ठरलेला: "एक पाटा वाढवून टाक, मिस्त्री." गाडी उंच होते, मालक खूश होतो आणि दोन क्रेट जास्त भरतो. पण पाटा वाढला म्हणून चाकाचे बेअरिंग मोठे झाले नाही, ॲक्सल जाड झाला नाही, टायर बदलले नाहीत आणि ब्रेकही वाढले नाहीत. उलट कित्येक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ एक लहानसा व्हॉल्व्ह असतो. गाडी मालाने किती दबली ते पाहून तो मागच्या चाकांना ब्रेकचा दाब कमी-जास्त देतो. जादा पाट्यामुळे गाडी दबतच नाही, म्हणून त्या व्हॉल्व्हला वाटते, गाडी रिकामी आहे. आणि भरल्या गाडीला तो रिकाम्या गाडीचा ब्रेक देतो. म्हणून थकलेल्या पाट्यांच्या जागी मूळ संख्येचे, मूळ जाडीचे नवे पाटे घालावेत, तेही दोन्ही बाजूंना. मधला बोल्ट, यू-बोल्ट आणि बुश त्याच वेळी नवे घ्यावेत. त्यांची किंमत पाट्यांपुढे किरकोळ असते.

येथून आपण दुसऱ्या जातीच्या भागांकडे येतो. हे भाग जीव घेत नाहीत, पण गाडी वाटेत उभी करतात. टोमॅटोने भरलेली गाडी रात्री दोन वाजता उभी राहिली, तर नुकसान त्या भागाच्या किमतीने मोजायचे नसते. सकाळच्या लिलावाला माल पोहोचला नाही, त्याने मोजायचे असते. या भागांत क्लच मुख्य.

क्लच बदलायचा तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. मजुरी त्या उतरवण्याची असते. आत स्वस्त प्लेट घातली काय आणि महाग घातली काय, मजुरी तीच. म्हणून एकदा बॉक्स उतरला की आतले सगळे पाहून घ्यावे: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हा संच एकदम बदलावा, फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चिरा असतील तर ते घासून घ्यावे, आणि इंजिनच्या मागच्या बाजूचे क्रँकचे ऑइल सील पाझरत असेल तर ते त्याच दिवशी बदलावे. हे सील फार महाग नसते. ते तसेच ठेवले तर त्यातून गळणारे तेल नव्या क्लच प्लेटवर येते आणि सहा महिन्यांत पुन्हा बॉक्स उतरतो.

येथे शाळेतल्या मुलांना घालता येईल असे एक गणित सांगतो. आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत, बाजारभाव म्हणून नव्हेत. समजा, मजुरी ३,००० रुपये. हलका क्लच संच ३,५०० रुपयांचा, तो २५,००० किलोमीटर चालतो. चांगला संच ७,००० रुपयांचा, तो ८०,००० किलोमीटर चालतो. पहिल्याचा एकूण खर्च ६,५००, म्हणजे किलोमीटरला २६ पैसे. दुसऱ्याचा १०,०००, म्हणजे किलोमीटरला साडेबारा पैसे. महाग दिसणारा संच निम्म्याहून कमी पैशांत पडला. आता याच गणिताला दुसऱ्या बाजूने धरा. समजा, मालकाने ठरवले आहे की वर्षभराने, २०,००० किलोमीटर चालवून गाडी मोडीत काढायची. मग हलक्या संचाचे किलोमीटरला साडेबत्तीस पैसे आणि चांगल्याचे ५० पैसे होतात. येथे हलका संच घेणारा माणूस चिक्कू नव्हे, तो हिशेबी आहे. गाडी आणखी किती चालवायची, हे ठरवल्याशिवाय भाग निवडता येत नाही, ते असे. मात्र हे गणित क्लचला लावावे, ब्रेकला लावू नये. ब्रेकच्या ताळ्यात कोणते आकडे धरायचे ते मला तरी ठाऊक नाही.

चाकाच्या बेअरिंगबद्दल दोनच गोष्टी. एक, नक्कल होण्याच्या बाबतीत हा भाग फार आघाडीवर आहे. दोन, मागच्या-पुढच्या हबमधले निमुळत्या रोलरचे बेअरिंग दोन तुकड्यांचे असते, आतला कोन आणि बाहेरची वाटी. वाटी हबमध्ये घट्ट बसलेली असते, ती ठोकून काढण्याचा कंटाळा करून पुष्कळ जण आतला कोनच बदलतात. जुन्या वाटीवरच्या खाचा नव्या रोलरला थोड्याच दिवसांत खातात. दोन्ही एकाच खोक्यातले बसवून घ्या, आणि बसवताना समोर उभे राहा.

रबराच्या वस्तूंकडे आपले लक्ष कमी जाते, आणि जुन्या गाडीचा खरा वैरी तर रबराचे म्हातारपण आहे. रेडिएटरचे पाइप, फॅनचा पट्टा, ऑइल सील, पाट्यांचे बुश, ब्रेकचे होज. हे किलोमीटरने झिजतात त्याहून वर्षांनी झिजतात. गाडी शेडमध्ये उभी असली तरी रबर कडक होतच राहते. म्हणूनच जुन्या बाजारात 'कमी चाललेल्या गाडीचा' म्हणून मिळालेला पाइप किंवा पट्टा घेऊ नये. आणि दुकानात धूळ खात पडलेला नवा भागही पाहून घ्यावा. वाकवून पाहा, बारीक चिरा दिसतात का. टायरच्या बाबतीत तर तारीखच लिहिलेली असते. टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असे लिहिले असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. दुकानदार त्याला 'नवा कोरा' म्हणत असेल, पण त्याचे वय आपल्याला कळते. रबर चढवलेला टायर मागे, बेताच्या ओझ्याला चालवणारे पुष्कळ आहेत. पुढच्या चाकाला मात्र तो घालू नये.

इंजिन तापण्याची तक्रार जुन्या पिकअपमध्ये नेहमीची. येथे मला मिस्त्री लोकांशी थोडे भांडायचे आहे. गाडी तापते म्हटले की आपल्याकडे पहिला उपाय म्हणून थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाकतात आणि म्हणतात, "आता पाणी मोकळे फिरेल." पाणी मोकळे फिरते खरे, पण मग इंजिन पुरते गरमच होत नाही, डिझेल जास्त पिते, आणि थंड इंजिनची झीज वाढते. मूळ दुखणे, म्हणजे चोंदलेला रेडिएटर किंवा झिजलेला वॉटर पंप, तसेच राहते. थर्मोस्टॅट बिघडला असेल तर नवा घालावा, रिकामी जागा ठेवू नये. दुसरे, हेड उतरवण्यापूर्वी रेडिएटरचे झाकण तपासावे. ते झाकण आतल्या पाण्यावर दाब धरून ठेवते, म्हणून पाणी शंभर अंशांच्या पुढेही उकळत नाही. झाकणाचे रबर गेले की दाब जातो, पाणी उकळून बाहेर पडते, आणि दोष बिचाऱ्या हेड गॅस्केटला येतो. झाकण अगदी थोड्या पैशांत येते. हेड उतरवण्याचा खर्च किती, ते ज्याने केला त्याला विचारा. आणि रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालू नये. हंड्याच्या बुडाला जसा पांढरा थर बसतो तसाच तो आतल्या नळ्यांत बसतो.

यातून एक मुद्दा निघतो. भाग कोणत्या प्रतीचा घ्यावा यापेक्षा तो भाग मुळात बदलायला हवा का, हा प्रश्न मोठा आहे. "हा बदलून बघू, नाही जमले तर तो बदलू" या पद्धतीने गाडी दुरुस्त होईपर्यंत खिसा रिकामा होतो. चांगला मिस्त्री आधी मोजतो. सेल्फ उचलत नाही तर तो बॅटरीचा दाब मोजेल, तारेची टोके घासून पाहील, आणि मगच सेल्फला हात लावील. असा माणूस मिळाला तर त्याची मजुरी घासाघीस करून कमी करू नये.

डिझेलच्या नोझलबद्दल सांगतो. जुन्या पद्धतीच्या पंपाच्या गाड्यांत नोझल आणि पंप कॅलिब्रेशन करून पुन्हा चांगले चालतात. तालुक्याच्या गावी हे काम करणारे जाणते कारागीर आहेत. परंतु १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल पिकअपमध्ये सर्वसाधारणपणे कॉमन रेल पद्धत असते. तिच्यात डिझेलचा दाब हवेच्या दाबाच्या हजार-दीड हजार पट जातो, आणि आतल्या भागांमधली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावी लागते. पाण्याचा एक थेंब, धुळीचा एक कण तेथे घात करतो. म्हणून या गाड्यांत डिझेल फिल्टर नामांकित कारखान्याचाच घ्यावा. त्यात वाचवलेले शे-दोनशे रुपये पुढे इंजेक्टरच्या हजारोंनी परत द्यावे लागतात. बऱ्याच गाड्यांत नवा इंजेक्टर घातल्यावर त्यावरचा संकेतांक संगणकाने गाडीच्या मेंदूत भरावा लागतो. ते यंत्र ज्याच्याकडे नाही त्याने ते काम घेऊ नये, आणि आपण देऊ नये. बीएस-६ गाडीचे इंजिन ऑइलही पुस्तिकेत लिहिलेल्या प्रतीचेच हवे; दुसरे घातले तर धुराची गाळणी लवकर भरते.

आता जुन्या मालाकडे वळू. मुंबईत कुर्ल्याला, पुण्यात जुन्या बाजारात, आणि जवळजवळ प्रत्येक जिल्ह्याच्या गावी मोडीच्या गाड्यांचे भाग मिळतात. तेथे जाण्यात कमीपणा मुळीच नाही. दरवाजा, बोनेट, आरसा, हौद्याचे फाळके, सीट, बंपर, दिव्याची चौकट, हे भाग जुने घ्यावेत असेच मी म्हणेन. कित्येकदा मोडीतल्या मूळ दरवाजाचा पत्रा नव्या बिननावाच्या दरवाजापेक्षा जाड निघतो आणि बिजागरीला नीट बसतो. सेल्फ आणि अल्टरनेटर दुरुस्त केलेले घेण्यासही हरकत नाही. बाकावर चालवून दाखवायला सांगावे. संपूर्ण इंजिन जुने घालायचे असेल तर मात्र सावध. इंजिनचा क्रमांक नोंदणीच्या पुस्तकात असतो. ते बदलण्यापूर्वी आरटीओची परवानगी हवी, आणि इंजिन कोणत्या गाडीचे होते याचे कागद हवेत. चोरीच्या गाडीचे इंजिन आपल्या गाडीत सापडले तर "मला ठाऊक नव्हते" म्हणून सुटका होत नाही. आठ वर्षांवरच्या मालगाडीला तंदुरुस्तीचा दाखला दर वर्षी घ्यावा लागतो, तेव्हा हे उघडकीस यायला वेळ लागत नाही.

राहिली दुकानातली खरेदी. गाडीचे मॉडेल सांगून भाग मागू नये. एकाच नावाच्या गाडीत सालागणिक भाग बदलले आहेत. चॅसिस क्रमांकाचा मोबाइलवर फोटो काढून न्यावा, आणि शक्य असेल तर जुना भागही न्यावा. खोके हातात आल्यावर ते वाचावे. बंद खोक्यात विकायच्या मालावर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, बनवल्याचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, आणि तक्रारीसाठी संपर्क, हे छापलेले असले पाहिजे, असा २०११ सालचा नियम आहे. छपाई पुसट, नावात अक्षराची चूक, किमतीवर किंमत चिकटवलेली, असे काही दिसले तर ते खोके परत द्यावे. चमकणाऱ्या शिक्क्यावर फार भरवसा नको, त्याचीही नक्कल होते. आणि एक बारीकशी गोष्ट: चांगल्या मालाचे रिकामे खोके गॅरेजमध्ये तसेच टाकून येऊ नका, फाडून टाका. ती खोकी विकत घेणारे लोक आहेत, आणि ती पुन्हा भरून दुकानात येतात.

गावात ज्यांना हे बारीक अक्षर वाचणे अवघड जाते, त्यांना वाचून दाखवणारे कोण? गुरुजी आणि बाई, हे काम पूर्वी पत्र वाचून दाखवण्याचे जसे तुमच्याकडे येई, तसेच हेही येणार. पावती पक्की आहे का, तीवर भागाचा क्रमांक आणि हमीची मुदत लिहिली आहे का, एवढे पाहून दिलेत तरी पुष्कळ झाले. पावती नसेल तर पुढे काहीच चालत नाही. पावती असेल आणि माल खोटा निघाला, तर आधी १९१५ या क्रमांकावर फोन करता येतो. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण जेथे राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगापुढे तक्रार मांडता येते, दुकान कोठेही असो. "गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहक नाही" असे कोणी म्हणाले तर घाबरू नका. स्वतःच्या रोजीरोटीसाठी स्वतः वापरलेल्या वस्तूच्या बाबतीत तो कायदा आपल्याला ग्राहकच मानतो.

शेवटी एक लहान काम. दहा रुपयांची वही घ्या. कोणता भाग, कोणाचा, कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर घातला आणि किती पैसे पडले, एवढे पाच रकाने आखा. मिस्त्रीकडून काढलेला जुना भाग मागून घ्या, आणि तो किती चालला ते वहीत त्याच्या ओळीपुढे लिहा. दोन वर्षांत आपल्या रस्त्यावर, आपल्या ओझ्याला कोणाचा क्लच टिकतो आणि कोणाचे बेअरिंग टिकत नाही, हे दुकानदाराला विचारावे लागणार नाही. वहीला दोरी बांधून ती गाडीतच टांगून ठेवा. घरी ठेवलेली वही गॅरेजमध्ये लागते, त्या वेळी ती घरीच असते.